युरोपात विमानाचं इंधन कोण किती जाळतं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: माणशी विमान इंधनाच्या आकड्यांत लक्झेंबर्ग एवढा वर कसा? तिथली माणसं इतकी उडतात का?

नाही हो. हा आकडा माणसांचा नाहीच, टाकी कुठं भरली त्याचा आहे. लक्झेंबर्गची वस्ती सात लाखांच्या आत, पण तिथल्या फिंडेल एअरपोर्टवर कार्गोलक्स या मालवाहू विमान कंपनीचा तळ आहे आणि त्यांच्या 747 मालवाहू विमानाची टाकी फुल केली तर दोन लाख लिटरच्या वर इंधन बसतं, म्हणजे माल जर्मनीतल्या फॅक्टरीचा, गिऱ्हाईक चीनमधलं आणि इंधन मात्र लक्झेंबर्गच्या खात्यात. लंडनच्या हीथ्रो, ॲमस्टरडॅमच्या स्किफोल एअरपोर्टचंही तेच, कितीतरी प्रवासी तिथं नुसतं विमान बदलतात. त्यात काही कंपन्या स्वस्त ठिकाणी जास्तीचं भरून घ्यायच्या, मग ते ओझं वाहायलाच अजून इंधन जळायचं. म्हणून आता ईयूचा, म्हणजे युरोपियन युनियनचा नियम आहे की एखाद्या एअरपोर्टवरून उडायला वर्षभरात जेवढं लागतं त्यातलं 90 टक्के तिथंच भरायचं. हा नियम मला मनापासून पटतो. आणि कळकळीनं सांगते, माणशी आकड्यावरून कुठल्या देशाला नावं ठेवू नका.

प्रश्न: नवी विमानं कमी पितात म्हणे, मग एकूण खप का उतरत नाही?

पितात कमीच, एअरबसचं नवं ए320निओ जुन्या ए320पेक्षा निदान 15 टक्के वाचवतं. पण उड्डाणं बघा ना, 2019 मध्ये युरोपात साधारण 1 कोटी 11 लाख, कोविडच्या 2020 मध्ये 50 लाख आणि 2024 ला परत जवळपास जुन्या जागी, त्यामुळे मशीननं वाचवलेलं गर्दी खाऊन टाकते. वर 2022 पासून युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद, म्हणून वळसा घालावा लागतो, हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होतं ते आता 13 च्या घरात, जादा तासांचं इंधन वेगळंच.

प्रश्न: फ्रँकफर्टहून मुंबईला येताना लुफ्तान्सानं पर्यावरणाचा चार्ज लावला, तो कशाचा?

1 जानेवारी 2025 पासूनच्या उड्डाणांना तो आहे, मार्ग आणि भाड्याप्रमाणे 1 ते 72 युरो. मुख्य कारण सॅफ, म्हणजे वापरलेलं खाद्यतेल वगैरेपासून बनवलेलं इंधन. विमानाचं नेहमीचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचंच सख्खं भावंड, त्यात ईयूच्या एअरपोर्टवर 2025 पासून 2 टक्के सॅफ मिसळणं सक्तीचं झालंय, 2030 ला 6 आणि 2050 ला 70 टक्के. हे कित्येक पट महाग पडतं. जळताना कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच निघतो, फायदा एवढाच की जमिनीतून नवं तेल उपसावं लागत नाही.

प्रश्न: पेट्रोलवर एवढा टॅक्स, विमानाला का नाही?

ईयूच्या 2003 च्या नियमात आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनाला सूट आहे. 2021 ला ती काढायचा प्रस्ताव आला, पण टॅक्सच्या बाबतीत 27 च्या 27 देशांचा होकार लागतो, तिथंच घोडं अडलं. स्वीडननं तिकिटावर टॅक्स लावला होता 2018 मध्ये, जुलै 2025 ला तोही काढला. मला हे अजिबात आवडलं नाही.