सुट्टी घेऊनही थकवा जात नाही, मग रजा टाकून उपयोग काय?

उपयोग आहे, पण एकेक दिवसाची तुटक रजा नको. पहिले एक-दोन दिवस डोक्यात ऑफिसच चालू असतं, झोप सावरायला त्यानंतरच सुरुवात होते. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर सोमवार ते शुक्रवार रजा टाका, सलग नऊ दिवस मिळतात.

खरी गडबड होते ती फोनमुळे. आदल्या गुरुवारीच अर्धवट कामं, फाइल कुठे आहे, कोणाला विचारायचं हे लिहून एकाच सहकाऱ्याकडे सोपवा. नाहीतर "दोनच मिनिटं" म्हणत फोन येतो आणि अख्खा दिवस कामातच जातो. परतीचा प्रवास शनिवारी संपवा, रविवार घरीच काढा.

आणि संकोच कसला? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंतच साठते.