निरीक्षण विहीर नकाशावर भलतीकडे का दिसते?

प्रश्न : आमच्याकडे सुमारे दीडशे निरीक्षण विहिरींची (भूजलाची पातळी वेळोवेळी मोजण्यासाठीच्या विहिरींची) यादी एक्सेलमध्ये आहे. तीत प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश आणि पाण्याच्या खोलीच्या नोंदी आहेत. ही यादी क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत उघडली असता बऱ्याच विहिरी क्षेत्राबाहेर पडल्या आणि दोन तर थेट समुद्रात दिसल्या. सगळ्या विहिरींवर पुन्हा जाणे शक्य नाही. नकाशावरून कितपत तपासणी होऊ शकेल?

उत्तर : समुद्रातल्या दोन विहिरींची फारशी चिंता करू नका. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली किंवा रिकाम्या रकान्यात शून्य भरले गेले, की असे होते. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश हा बिंदू आफ्रिकेजवळच्या समुद्रातच येतो. खरा घोटाळा वीस-पंचवीस किलोमीटर सरकलेल्या विहिरींचा असतो, कारण त्या जमिनीवरच, अगदी साळसूदपणे बसलेल्या दिसतात.

याचे नेहमीचे कारण असे, की 20 अंश 30 मिनिटे 45 सेकंद ही नोंद दशांशात 20.5125 अशी यायला हवी, पण घाईत ती 20.3045 अशी लिहिली जाते. एवढ्या फरकाने विहीर सुमारे 23 किलोमीटर दक्षिणेला जाते. ही चूक ओळखण्याची एक खूण आहे. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आणि पुढचे दोन अंक वेगळे काढून पाहावेत. संपूर्ण रकान्यात दोन्ही जोड्या कधीच 59च्या वर जात नसतील, तर ती मिनिटे आणि सेकंदच आहेत असे खुशाल समजावे. त्यानंतर गावांच्या सीमांचा थर (नकाशावर चढवता येणारी माहिती) घेऊन, विहीर ज्या सीमेत पडते ते गाव आणि यादीत लिहिलेले गाव यांची तुलना करावी. जुळत नाहीत तेवढ्याच विहिरी उपग्रहचित्रावर पाहाव्यात.

पाण्याच्या नोंदींसाठी मात्र केवळ नकाशा पुरत नाही. समपातळी रेषा (सारखी जलपातळी असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) काढल्यावर एकाच विहिरीभोवती गोल कडी दिसली, तर तिच्या जुन्या नोंदींचा आलेख काढावा. एकच नोंद बिघडलेली असेल तर फूट आणि मीटर यांची गल्लत किंवा मोजणीच्या वेळी शेजारी चालू असलेला पंप हे संभाव्य कारण असते. पातळी कायमच वेगळी असेल, तर ती विहीर बहुधा खालच्या, निराळ्या जलधराचे (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराचे) पाणी दाखवते. ती चूक समजून यादीतून काढणे हे मोठेच नुकसान होईल.

जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की जलपातळी मिळते. म्हणून समपातळी रेषा काढण्यासाठी जमिनीची उंची मोफत उपग्रह-आधारित उंचीच्या थरातून घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने झालेल्या एसआरटीएम या भूपृष्ठाच्या उंचीच्या मोजणीत उंचीची चूक 16 मीटरपर्यंत ग्राह्य धरली होती, आणि सपाट प्रदेशात दोन विहिरींच्या जलपातळीतला फरक अनेकदा एक-दोन मीटरचाच असतो. विहिरीच्या काठावरील मोजणीबिंदूची उंची लेव्हलिंगनेच (जागेवर उपकरण लावून उंचीतला फरक मोजण्याच्या पद्धतीनेच) घ्यावी लागते, आणि प्रत्यक्ष फेरीसाठी राखून ठेवलेला वेळ याच कामाला द्यावा.