रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मी काउन्सेलरकडे कशाला जाऊ?

"ताई, मी संभाजीनगरची, वय ४१, चौथीच्या वर्गाला शिकवते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला, अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले, पण थकवा काही गेलाच नाही. एखाद्या दिवशी बरं वाटतं, मग मी भराभर सगळं घर आवरते आणि पुढचे दोन दिवस उठता येत नाही. फळ्यावर लिहिता लिहिता शब्दच आठवत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता डॉक्टर म्हणाले काउन्सेलरला भेटा, तर मिस्टर म्हणतात, बघ, मी म्हणत होतो ना मनाचंच आहे. सासूबाई काही बोलत नाहीत पण मी दुपारी पडले की भांडी जोरात वाजतात. शाळेच्या सहलीला दरवर्षी मुलांना घेऊन दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढायचे, यंदा खाली गेटपाशी बसून राहिले. मी नाटक करतेय का हो? कधीकधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले."

अगं, नाही करत आहेस नाटक. हे आधी नीट वाच आणि मगच पुढे ये.

आणि ते शेवटून दुसरं वाक्य आहे ना, सकाळी जागच येऊ नये, त्यावर आधी बोलू. असं दमून दमून वाटणं मला समजतं, पण हा विचार जर रोज यायला लागला, किंवा स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, १४४१६ ला फोन लावायचा. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह कर. आणि घरातल्या एका तरी माणसाला हे वाक्य जसंच्या तसं सांग.

आता तुझा थकवा. एक दिवस जास्त काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवं पडणं, ही लाँग कोविडची, म्हणजे कोविड गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या दुखण्याची, खूणच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये या दुखण्याची व्याख्या केली त्यात थकवा, दम लागणं आणि डोकं नीट न चालणं हे तिन्ही आहे, म्हणजे तुझे ते फळ्यावर हरवणारे शब्दसुद्धा. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २५ लाँग कोविडच्या पेशंटना आणि २१ धडधाकट माणसांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, आधी आणि नंतर त्यांच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला, आणि २०२४ च्या जानेवारीत छापलं की श्रमानंतर या पेशंटच्या स्नायूंमध्ये खरोखरची इजा दिसते, स्नायूंना ताकद पुरवणारी यंत्रणाच नीट चालत नाही. तुझ्या नेहमीच्या रक्ततपासणीत हे दिसतच नाही गं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. (थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी१२ झालंच असेल, पण उभं राहिल्यावर नाडी किती वाढते हे कोणी बघितलंय का ते एकदा डॉक्टरांना विचार.)

मग शरीराचं आहे तर काउन्सेलर कशाला? तुझा राग इथेच आहे आणि तो मला पटतो, कारण तुला ते तसंच सांगितलं गेलं असणार, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचं, जा तिकडे. पण मला विचारशील तर डॉक्टरांनी सल्ला बरोबर दिला, फक्त कारण सांगायचं राहून गेलं. कॅन्सरच्या पेशंटला, डायलिसिसवाल्याला काउन्सेलर देतात तेव्हा त्यांचा आजार खोटा आहे असं कोणी म्हणतं का? इतकी वर्षं आजारी राहून वर रोज घरात ते सिद्ध करत बसायचं, हे ओझं एकटीने वाहण्यासारखं नाहीच. आणि अकरा दिवस ऑक्सिजनवर, आजूबाजूचे बेड रिकामे होताना बघितले असशील, त्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस. कोणाशी बोललीस कधी?

आणि तो किल्ला. मला वाटतं सगळ्या पत्रात तुला सगळ्यात जास्त दुखलंय ते तिथे. मुलांच्या पुढे चढणारी बाई होतीस तू, ती सध्या हाताशी नाही, तिच्यासाठी रडायला जागा पाहिजे. घरात रडलीस की लगेच 'बघ, डिप्रेशन' होतं, काउन्सेलरच्या खोलीत नाही होणार. बाय द वे तुला चढायचं होतं, इच्छा भरपूर होती, पायच येत नव्हते. पहिल्याच भेटीत हे सांग, कारण डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा इच्छाच मरते, तुझं तसं दिसत नाही. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतं, ते त्यांना ठरवू दे.

इंग्लंड-वेल्समध्ये कोविडनंतर हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या आणि महिनोन्महिने बरं न वाटणाऱ्या ५८५ जणांवर एक अभ्यास झाला, काहींना ८ आठवडे ऑनलाईन, गटामध्ये, मनाचा आधार आणि देखरेखीखाली बेताबेताने व्यायाम. फरक छोटाच पडला, पण वर्षानंतरही टिकला. थकवा पळून जाईल असं मी म्हणणार नाही. जगणं थोडं सोपं होतं, आणि तुझ्या जागी मी ते थोडंही घेतलं असतं.

फक्त माणूस नीट बघून घे. "थकवा विसरा, रोज जरा जास्त चाला" असं कोणी म्हणालं तर दुसरा शोध. अशाच प्रकारच्या जुनाट थकव्याच्या आजारात दर आठवड्याला व्यायाम वाढवत न्यायची जी पद्धत होती ती ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये शिफारशीतून काढून टाकली.

तुमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही ना, मग पाणी आलं त्या दिवशी तू सगळं घर धुवून टाकी रिकामी करतेस का? नाही. पुढच्या पाण्यापर्यंत पुरवतेस. ताकदीचं मात्र तू नेमकं उलटं करतेस, आली की त्याच दिवशी सगळी संपवतेस, कारण बाकीचे दिवस 'काही केलं नाही' म्हणून मनात अपराधी वाटत असतं. डॉक्टर लोक पेसिंग म्हणतात ते हेच, बरं वाटतंय त्या दिवशीसुद्धा अर्ध्यावर थांबायचं. ते अपराधीपण कमी होत नाही तोवर थांबणं जमत नाही, आणि तिथेच काउन्सेलरचा खरा उपयोग. दोन आठवडे घरातल्या कॅलेंडरवर रोज दोनच शब्द लिही, काय केलं आणि कसं वाटलं. मिस्टरांना ते भिंतीवर आपोआप दिसेल.

त्यांच्यावर मी रागावणार नाही. ज्या माणसाने त्या एप्रिलमध्ये बाहेर उभं राहून अकरा दिवस काढले, त्याला ते सगळं संपलंय असंच मानायचंय. तू आजारी आहेस हे मान्य केलं तर ती भीती परत घरात येते, मग 'मनाचं आहे' म्हणणं सोपं पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला त्यांना सोबत ने, त्यांनाही बोलू दे.

सासूबाईंचं म्हणशील तर आपल्याकडे चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरून बसलेली माणसं त्यांनी बघितली असतील, त्यांना कोणी नाटकी म्हणालं नव्हतं. "आई, ते तापानंतरचं दुखणं असायचं ना, तसंच आहे हे" एवढंच सांगून बघ. भांडी वाजायची लगेच थांबणार नाहीत. दुपारी पड मात्र नक्की.

आणि मला कळव काय झालं ते. चार दिवस लागले तरी चालेल, चार ओळी लिहिल्यास तरी चालेल, आणि बरं वाटतंय म्हणून एका बैठकीत लिहून काढू नकोस.

तुझी,
ताई