मुठीतले दोन केस आणि ‘मिळतेजुळते’ हा शब्द

प्रश्न: गेल्या वर्षी आमच्या चुलत्यांचा गोठ्यात खून झाला. डोक्यात मार होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझ्या धाकट्या भावानेच त्यांना आधी पाहिलं आणि उचलून अंगणात आणलं. पोलीस नंतर आले. पोस्टमार्टेमच्या वेळी चुलत्यांच्या मुठीत दोन केस सापडले. दहाव्याला भावाने मुंडन केलं. चौदाव्या दिवशी पोलिसांनी त्यालाच उचललं. बांधावरून दोघांची भांडणं व्हायची, हे खरं आहे. सी.ए. (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या) रिपोर्टमध्ये ‘केस मानवी असून आरोपीच्या डोक्याच्या केसांशी मिळतेजुळते’ असं आलंय. पुरावा लपवायला मुंडन केलं, असं चार्जशीटमध्ये लिहिलंय. आता डीएनएसाठी त्याचं रक्त मागताहेत. द्यावं का? गावात सगळे म्हणतात, केस सापडला म्हणजे विषय संपला. – एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, विषय संपलेला नाही. गाव म्हणतंय ‘केस त्याचा निघाला’, आणि रिपोर्टमध्ये तसं कुठेही लिहिलेलं नाही. रिपोर्ट म्हणतो ‘मिळतेजुळते’. तुमच्या भावाचा खटला बराचसा या दोन वाक्यांमधल्या अंतरावर उभा आहे, म्हणून ते आधी नीट समजून घ्या.

केसाला तीन थर असतात. सर्वांत बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले, त्याच्या आत रंगाचे कण असलेला जाड थर आणि मधोमध एक बारीक पोकळ नळी, जिला मज्जा म्हणतात. काही केसांत ती तुटक असते, काहींत नसतेच. माणसाच्या केसात तिची रुंदी साधारणपणे केसाच्या एक तृतीयांशाहून कमी असते, जनावराच्या केसात बहुधा निम्म्याहून जास्त. त्यामुळे केस माणसाचा की बैलाचा, डोक्याचा की अंगावरचा, कापलेला की मुळासकट आलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. घटना गोठ्यातली आहे, म्हणून ‘मानवी’ हा शब्द महत्त्वाचा आहेच. पण हा केस अमक्याचाच, हे नुसत्या रचनेवरून सांगता येत नाही. एकाच डोक्यावरचे दोन केस हुबेहूब सारखे नसतात आणि दोन वेगळ्या माणसांचे केस सारखे दिसू शकतात.

ही आरोपीच्या वकिलाने काढलेली पळवाट नाही. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय अनेक दशकं अशा तुलनेवर साक्षी देत होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या प्रयोगशाळेने सूक्ष्मदर्शकाखाली जुळवलेले ८० केस डीएनएने पुन्हा तपासले, तेव्हा ९ केस दुसऱ्याच माणसांचे निघाले. २०१५ मध्ये एफबीआयने स्वतःच जाहीर केलं की तपासलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी विज्ञानाला न पेलणारी विधानं केली होती. सँटे ट्रिबल या वॉशिंग्टनच्या माणसाने एका टॅक्सीचालकाच्या खुनापायी २८ वर्षं तुरुंगात काढली. खून झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मुखवटा म्हणून वापरलेल्या मोज्यातला केस त्याच्याशी जुळतो, असं ज्युरीला सांगितलं होतं. २०१२ मध्ये डीएनए तपासला, तर त्यातला एकही केस त्याचा नव्हता आणि एक चक्क कुत्र्याचा होता. हे प्रकरण आठवलं की ‘मिळतेजुळते’ या शब्दावर सही करणाऱ्याला प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. चौदाव्या दिवशी अटक झाली तेव्हा भावाच्या डोक्यावर चार दिवसांचे खुंट होते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे नमुना एक-दीड मिलिमीटरचा असणार. मुठीतल्या पूर्ण लांबीच्या केसाशी त्याची लांबी, टोक, मुळापासून टोकापर्यंत बदलत जाणारी रंगछटा यांची तुलना झाली कशी? चांगल्या तुलनेसाठी डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले किमान पंचवीसएक केस लागतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने किती घेतले, उपटून की कापून, हे त्यांच्या कागदावर असायला हवं.

त्याहून मोठा प्रश्न मुळांचा आहे. झटापटीत उपटलेल्या, वाढत्या अवस्थेतल्या केसाच्या मुळाशी बहुधा ताणल्याच्या खुणा आणि मांसल आवरणाचा अंश असतो. आपोआप गळलेल्या केसाचं मूळ गदेसारखं गोल आणि सुकं असतं. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि उचलाउचलीत ते दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात. पोलिसांची कथा झटापटीची आहे. मुळं गळालेल्या केसाची निघाली तर त्या कथेला तडा जातो, पूर्ण मोडत नाही, कारण गळायला आलेला केसही ओढला जाऊ शकतो. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात मुळाबद्दल अवाक्षर नाही.

हा रिपोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचला जाऊ शकतो. त्यामुळे बरेचदा तो मुकाट्याने निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून खटल्यात येतो आणि उलटतपास होतच नाही. तुमच्या वकिलांना सांगा, त्याच कलमाखाली तज्ज्ञाला साक्षीला बोलावण्याचा लेखी अर्ज द्यायचा. बोलावणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे, म्हणून अर्जात कारणं नेमकी हवीत: खुंटाचा नमुना आणि मुळाबद्दल मौन. तज्ज्ञाचं मत साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली ग्राह्य आहे, पण ते मतच असतं. त्यामागची निरीक्षणं आणि कारणं न्यायाधीशापुढे यावी लागतात. जय लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हेच सांगितलं.

केसाचा प्रवासही तपासा. पोस्टमार्टेमच्या टेबलावरून पाकिटात, पाकीट मुद्देमाल खोलीत, तिथून प्रयोगशाळेत. सील कोणाचं, तारखा कोणत्या, मधले दिवस पाकीट कुठे होतं? दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात, मृतदेहावर एका आरोपीचा केस मिळाल्याचं सांगितलं होतं आणि खालच्या न्यायालयांनी तिघांना फाशीची शिक्षा दिली होती. मृतदेह काही दिवस उघड्या शेतात पडला होता, आणि फेब्रुवारी २०१२ च्या मध्यात घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलीस ठाण्याच्या मालखान्यात राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ ला त्या केसाच्या जप्तीवर आणि नमुन्यांच्या हाताळणीवर गंभीर शंका घेतली आणि तिन्ही आरोपींना निर्दोष सोडलं.

मुंडनाच्या आरोपाने तुम्हाला सर्वांत जास्त लागलंय, हे पत्रावरून दिसतं. घटनेनंतरचं वर्तन म्हणून तो मुद्दा साक्ष अधिनियमाच्या कलम ६ खाली येतो, नुसता हसण्यावारी नेऊ नका. पण निपुत्रिक चुलत्याचं क्रियाकर्म पुतण्या करतो आणि केस उतरवतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. न्यायालयात मात्र सांगावं लागतं. त्या दिवशीचे नाभिक, भटजी, घाटावरचे दोन भाऊबंद यांची नावं आजच लिहून ठेवा. शिवाय मुंडन केल्याने केसांची मुळं कुठे जात नाहीत. केस लपवायला तो उपाय कामाचाच नाही.

आता रक्ताचं. नकार देऊन फारसं साधणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची कलमंही तिचीच) कलम ५१ खाली नमुन्यासाठी वाजवी बळ वापरण्याची मुभा आहे, आणि शरीराचे असे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे मत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या काथी कालू ओघड निकालापर्यंत मागे जातं. मात्र चार्जशीट गेलेली आहे. खटला सुरू झाला असेल तर पुढच्या तपासाला कलम १९३(९) प्रमाणे त्याच न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतली का, ते विचारा. आणि चाचणी कोणती, हेही विचारा. मुळाला पेशी असतील तर नेहमीचा डीएनए निघतो, तो व्यक्तीपर्यंत पोचतो. मूळ सुकं असेल तर सहसा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासतात. तो आईकडून येतो. म्हणजे तुमचा, भावाचा, आईचा, मामांचा आणि मावशीच्या मुलांचा तो एकच असतो. तो जुळला तरी बोट एका माणसावर थांबत नाही. नाही जुळला तर भाऊ त्यातून सुटतो. केस दोनच आहेत आणि चाचणीत ते संपतात, म्हणून थोडा भाग राखून ठेवण्याची मागणी अर्जात करा.

माझा कल रक्त देण्याकडे आहे, पण त्याआधी वकिलांनी भावाशी एकट्याने, निवांत बोललं पाहिजे. डीएनए त्याचाच निघाला तर ‘केस कोणाचा’ हा वाद संपेल आणि ‘मुठीत कसा आला’ हा सुरू होईल. तेव्हा त्याने चुलत्यांना उचललं, हे सांगणारी माणसं लागतील. त्याच्या मदतीला कोण धावलं? त्यांचे जबाब पोलिसांनी घेतलेत का, त्यात उचलल्याचा उल्लेख आहे का? कलम २३० प्रमाणे आरोपीला मिळालेल्या प्रतींत ते शोधा. शरद बिरदीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यात १९८४ मध्ये घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे: परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अशी हवी की निर्दोषत्वाची वाजवी शक्यताच उरू नये. बांधाचं भांडण हेतू दाखवेल. तेवढ्याने ती साखळी पुरी होत नाही.

जामिनासाठी सत्र न्यायालयात कलम ४८३ खाली अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

आणि पुढच्या तारखेआधी पोस्टमार्टेमचा अहवाल उघडून एक गोष्ट बघा. मार बसताना माणसाचा हात आपल्याच डोक्याकडे जातो, आणि मुठीत बरेचदा स्वतःचेच केस येतात. चुलत्यांच्या डोक्याचे केस तुलनेसाठी राखले होते का? रिपोर्टमध्ये ती तुलना नसेल तर तज्ज्ञाला पहिला प्रश्न तोच विचारायला सांगा.