जमव, पण त्यावर विसंबू नकोस

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. पक्की नोकरी, विमा, अडीअडचणीसाठी गंगाजळी, सगळी आखणी तू नीट केली आहेस. आणि एवढं जमलं की निश्चिंत मनाने देवाच्या कामाला लागायचं, असं शेवटी लिहिलं आहेस. आखणीत खोट नाही. उधळपट्टी करून कर्जात बुडायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं, असल्या भाबडेपणाचं मला मुळीच कौतुक नाही. मला खटकला तो क्रम. निश्चिंत व्हायला तुला देव लागतच नाही. तो नंतरच्या सवडीसाठी आहे.

हिज्कीया राजाकडे जरा बारकाईने बघ. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब त्याच्या यहूदा राज्यावर चालून आला. हिज्कीयाने तयारीत कसूर केली नव्हती. तटाबाहेरच्या झऱ्याचं पाणी यरुशलेम शहरात आणायला त्याने खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खणवला. कामगार दोन्ही टोकांकडून खणत आले आणि मध्ये जेमतेम तीन हात खडक उरला तेव्हा त्यांना एकमेकांच्या हाका ऐकू आल्या. हे आपल्याला ठाऊक आहे ते बोगद्याच्या भिंतीवरच्या शिलालेखामुळे. तो १८८० मध्ये सापडला. बायबल हे काम त्याच्या पराक्रमातच मोजतं. त्या काळच्या यशया संदेष्ट्याची तक्रार वेगळी होती. तुम्ही घरं मोजलीत, तट मजबूत करायला ती पाडलीत, दोन तटांमध्ये पाणी साठवलंत. पण ज्याने हे सगळं घडवून आणलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत.

पैशानेही त्याने संकट टाळायचा प्रयत्न करून पाहिला. सन्हेरीबाने तीनशे किक्कार रुपं, म्हणजे चांदी, आणि तीस किक्कार सोनं मागितलं. किक्कार हे तेव्हाचं मोठं वजन. ते भरायला हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरचं सोनं काढलं. ते त्यानेच कधीतरी मढवलं होतं. सन्हेरीबाने खंडणी घेतली आणि फौज पाठवायची ती पाठवलीच.

आपलंही असंच होतं. दिवस काळजीचे आले की पहिली काटछाट प्रार्थनेच्या वेळेत होते, मग दानात, मग चर्चच्या मंडळीतल्या जबाबदाऱ्यांत. घरातल्या बाकी कशालाही हात लावायच्या आधी आपण देवाच्या दारावरचं सोनं उतरवतो, आणि त्याला व्यवहार म्हणतो.

पुढे धमकीचं पत्र आलं तेव्हा मात्र हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि त्याने ते परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. आजारात मरणाची वेळ आली तेव्हाही भिंतीकडे तोंड करून तो रडला, प्रार्थना केली. पण बरा झाल्यावर बाबेलचे, म्हणजे बॅबिलोनचे, दूत भेटीला आले, तर त्याने त्यांना काय दाखवलं? रुपं, सोनं, सुगंधी द्रव्यं, उंची तेल, शस्त्रागार. दाखवायचं काही बाकी ठेवलं नाही. म्हणून मला तुझ्या पडत्या काळाची फारशी धास्ती वाटत नाही. तेव्हा तू गुडघे टेकशीलच. धास्ती वाटते ती सगळं सुरळीत चालेल त्या वर्षांची.

सार्दीसचं तेच झालं. सोन्यासाठी नावाजलेल्या क्रोएसस राजाची ही राजधानी उभ्या कड्यावर वसलेली होती. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याच्या सैन्याने वेढा घातला असताना तटावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण खाली घरंगळलं. तो कडा उतरून ते घेऊन परत वर गेला. खालून एकजण बघत होता. दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेने चढला आणि त्याच्यामागे बाकीचे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की तिथे पहाराच नव्हता, कारण तिथून कोणी येईल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तीनशेहून अधिक वर्षांनी तेच शहर पुन्हा अशाच बेसावध कड्यावरून पडलं.

तुझा बिनपहाऱ्याचा कडा कोणता, ते मी इथून कसं सांगू? एक खूण मात्र सांगतो. रात्री धसका घेऊन जाग आली की मन आधी कुठे धावतं ते बघ. खात्यातली शिल्लक आठवून जीव भांड्यात पडत असेल आणि देव आठवतच नसेल, तर उत्तर मिळालं. त्यावर स्वतःला फार कोसत बसू नकोस. लोभ हा एकदाच उपटून टाकायचा दोष नाही. पगार वाढला की तोही वाढतो, आणि गरिबालाही तो सुटलेला नाही.

विमा मोडू नकोस, गंगाजळीही राहू दे. फक्त देण्याची सुरुवात याच महिन्यापासून कर, आणि रक्कम अशी असू दे की ती थोडी टोचेल. आठवड्यातली एक संध्याकाळही आत्ताच बाजूला काढ. मंडळीत कितीतरी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांच्याकडे जायला गंगाजळी पूर्ण व्हावी लागत नाही. किती दिलंस ते मला कळवू नकोस, असं दाखवणं बाबेलच्या दूतांपुरतंच राहू दे. कोणाकडे जायला लागलास ते मात्र लिही.

तुझा,
काका