बॅकप्लेट घेण्याआधी वजनाचं गणित कर

बॅकप्लेट म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवर टाकी धरून ठेवणारी धातूची पाटी. स्टीलची प्लेट साधारण पावणेतीन किलो भरते, ॲल्युमिनियमची जेमतेम एक. जाड वेटसूट असेल तर स्टील घे, पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला लावायचं शिसं तेवढं कमी होतं. पातळ सूटवर ॲल्युमिनियमच बरी; सगळं वजन अंगाला जखडलेलं नको, थोडं तरी झटक्यात टाकता यायला हवं.

वजन तपासायचं ते डाइव्हच्या शेवटी. तोवर टाकीतली दोनेक किलो हवा संपलेली असते आणि शरीर वर उचललं जायला लागतं. टाकीत 50 बार दाब उरलाय, विंग (पाठीवरची हवा भरायची पिशवी) रिकामी आहे, तरी 5 मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. मी सुरुवातीला भीतीपोटी चार किलो जास्त लावून हिंडायचो!

खांद्याचे पट्टे मात्र सूट घालूनच बसव. पट्ट्याखालून पंजा सहज सरकला पाहिजे.