उत्तर: "बीड-धाराशिवला कॅन्सर देशात सगळ्यात कमी, मग बायोप्सीची घाई कशाला?"

ताई, तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. मिस्टरांचं वय ४४, गालात आतून पाच आठवडे झाले जखम भरत नाही, दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, सांगितलीय, सासरे पेपरचं कात्रण दाखवून म्हणतात आपल्या बीड-धाराशिवला देशात सगळ्यात कमी कॅन्सर आहे, आणि पुण्याचा भाचा म्हणतो फाइल माझ्याच पत्त्यावर काढा, सोपं जातं. हे सगळं आमच्या घरात २०२२ ला असंच्या असं झालंय. आम्ही कळंबकडचे. पेशंट माझे थोरले बंधू, तेव्हा ४७ वर्षांचे. कात्रणवाले आमच्याकडं चुलते होते एवढाच काय तो फरक.

मी डॉक्टर नाही, शेतकरी माणूस आहे, जोडीला खताचं दुकान आहे. त्यामुळं औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तंबाखूचा मावा बंद करा, बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही, हे तुम्हाला माहीत असणारच, ते लिहीत बसत नाही.

आधी त्या कात्रणाचं बघू, कारण ते खोटं नाही आणि तिथंच सगळा घोटाळा आहे. २०२० साली राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचा रिपोर्ट आला, त्यात २०१२ ते १६ ची आकडेवारी होती. दर लाख पुरुषांमागं वर्षाला किती नवे पेशंट, तर मिझोरमच्या ऐजॉल जिल्ह्यात २६९.४, आणि यादीच्या पार तळाला आपले उस्मानाबाद-बीड, ३९.५. जवळजवळ सातपट फरक, एकाच देशात. चुलत्यांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडल्याचे चार-पाच फोटो आले आणि विषय संपला. दादा म्हणाले दात घासतोय गालाला, टोक घासून घेतो. घेतलंही. चार महिने त्यात गेले.

आता मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. पहिलं म्हणजे ते आकडे वय सारखं करून काढलेले असतात, कारण केरळात म्हातारी माणसं जास्त, आपल्याकडं तरणी जास्त, तसंच मोजलं तर तुलनाच चुकते. आणि त्याच रिपोर्टात ३५ ते ६४ या वयाचा वेगळा दर पण काढतात, म्हणजे कमावत्या माणसांचा, ज्याच्यावर घर चालतं त्याचा. कात्रणात तो कधी येत नाही. दुसरं, दर कमी म्हणजे शून्य नव्हे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्हे मिळून ४२ लाखांवर लोकसंख्या आहे, म्हणजे लाखाला चाळीस धरले तरी वर्षाला हजारावर माणसं होतात. त्यातलाच एक आमच्या ओसरीवर बसला होता, गालात मावा धरून.

आणि तिसरं, जे कुणीच सांगत नाही. भागाभागात नुसता आकडा बदलत नाही, कॅन्सरच बदलतो. मिझोरमला पोटाचा जास्त, तिकडं तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरतात, त्याला तुइबूर म्हणतात, आणि धुरी दिलेलं मांस खातात. गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा. हैदराबाद, चेन्नई, दिल्ली असल्या शहरात बायकांमधे स्तनाचा. अहमदाबादला पुरुषांमधे तोंडाचा. आपल्याकडं एकूण दर कमी पण पुरुषांमधे तोंडाचाच वरच्या नंबरात, आणि त्याचं कारण पानटपरीवर उभं राहून कुणालाही दिसतं. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, आणि चघळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के निघाले. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, आमच्या फाट्यावर येऊन बघा कसली बंदी ती. मग मावा, कच्ची सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर रगडायचा आणि दिवसभर एकाच गालात. दादांचा डावा गाल. जखम कुठं झाली ते वेगळं सांगायला नको. ज्या माणसाच्या गालात वीस वर्षं मावा आहे त्यानं जिल्ह्याची सरासरी बघायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय, सासऱ्यांना राग आला तरी चालेल.

काही लोक म्हणतात आपल्याकडं नोंदच होत नाही म्हणून आकडा कमी. मला ते पूर्ण पटत नाही. शेजारी बार्शीला १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती, तिथली माणसं गावोगाव हिंडून, लोकांशी बोलून पेशंट शोधत आली, आणि तरी खेड्यातला दर शहरापेक्षा कमीच निघत आला. म्हणजे फरक खरा आहे. पण थोडीफार माणसं निसटत असणारच, आमचे दादाच निसटले असतील असं मला वाटतं. आता त्या पत्त्याच्या भानगडीवर येतो, खरं तर हे सांगायलाच लिहायला बसलो.

बायोप्सी शेवटी झाली, रिपोर्ट वाईट आला, पुण्याला न्यायचं ठरलं. मोठं हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. केसपेपरच्या खिडकीवर पोरगी म्हणाली, पत्ता? दादा बोलायच्या आत मी भाच्याचा हडपसरचा पत्ता सांगून मोकळा झालो, फ्लॅट नंबर, विंग, पिनकोड सगळं. डोक्यात एवढंच की गावाकडचा पत्ता दिला तर लांबचे समजून ताटकळत ठेवतील, आणि कागदबिगद भाच्याकडं येतील. तिनं टाइप केलं, प्रिंट काढली, आणि त्या घटकेपासून आमचे दादा कागदावर पुणेकर झाले.

तीन आठवड्यांनी ऑपरेशनची तारीख मिळाली. सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाकडं, गेलो तर त्यानं केशरी रेशनकार्ड बघितलं, केसपेपर बघितला, आधार बघितलं आणि म्हणाला, तीन कागद, दोन गावं, दोन नावं, मी वर काय पाठवू? रेशनकार्डावर ज्ञानदेव, आधारवर ज्ञानोबा. माणूस वाईट नव्हता. म्हणाला गावच्याच पत्त्याचा दाखला आणा, केसपेपरवर दुरुस्ती करून घ्या, नावाचं पण प्रतिज्ञापत्र करा, आठ दिवसात होईल. तेव्हा त्याचं ऐकलं असतं तर हे उत्तर चार ओळीत संपलं असतं.

पण मला कुणीतरी सांगितलं की उलटं कर, सगळंच पुण्याचं कर. मी आधारचा पत्ता भाच्याचा करून घेतला. मग रेशनकार्ड. गावाकडच्या कार्डातून दादांचं नाव कमी करून दाखला आणला, ते एका दिवसात झालं, कमी करायला कुणालाच वेळ लागत नाही. तो दाखला घेऊन पुण्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणे ऑनलाइन दिसत नाही, तिकडून परत पाठवायला सांगा. तिकडं फोन केला तर पाठवलंय. इकडं परत गेलो तर साहेब ट्रेनिंगला. पुढच्या सोमवारी गेलो तर नवीन नावं घेणं सध्या बंद. खिडकीतला बाबा मान वर न करता बोलायचा, त्याच्या टेबलावर काचेखाली देवांचे फोटो आणि एक निवडणुकीचं ओळखपत्र, ती काच मला अजून पाठ आहे. पाच आठवडे ताई. ऑपरेशनच्या आधीचे पाच आठवडे आमचे दादा या देशातल्या कुठल्याच रेशनकार्डावर नव्हते. माणूस समोर बाकावर बसलाय, गाल सुजलाय, मानेत गाठ हाताला लागायला लागलीय, आणि कागदावर माणूसच नाही.

त्यात ऑपरेशनची तारीख एकदा गेली, दुसरी पण गेली. शेवटी उसनवारी करून, एक म्हैस आणि बायकोचे दागिने घालवून रोखीनं केलं. डॉक्टरांनी सुरुवातीला गालाचा भाग काढू म्हणून सांगितलेलं, होईपर्यंत जबड्याचं हाडही काढावं लागलं आणि छातीवरचं मांस फिरवून गाल भरला. उशीर झाला नसता तर हाड वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, आणि आता विचारणारही नाही.

कॅन्सर नोंदणीवाल्यांचा नियम असा असतो की उपचार कुठं का होईनात, माणूस जिथं किमान वर्षभर राहतोय तिथला धरायचा. त्यांचे लोक हॉस्पिटलं, लॅब, मृत्यूच्या नोंदी धुंडाळून पत्ते लावतात. पुण्याची नोंदणी वेगळी, आपली उस्मानाबाद-बीडची वेगळी. आता आमच्या दादांच्या केसपेपरवर हडपसर, आधारवर हडपसर. ४७ वर्षं कळंबच्या मातीत काढलेला माणूस कुठल्या रकान्यात गेला असेल, तुम्हीच सांगा. उद्या आपल्या जिल्ह्याचा आकडा परत कमी आला की चुलते परत कात्रण टाकतील. एका माणसानं आकडा हलत नाही हे मलाही कळतं, पण राग येतोच.

तेव्हा ताई, भाच्याकडं राहा, जेवा, त्याच्या गाडीनं फिरा, पण पत्ता गावचाच सांगा. जायच्या आधी रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून मिस्टरांचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, वडिलांचं नाव पण. जुळत नसेल तर तिकडंच, गावातच दुरुस्त करा, आणि काही झालं तरी उपचार चालू असताना कार्डातून नाव कमी करू नका. योजनेचे नियम आमच्या वेळेपेक्षा आता बरे झालेत, आमच्या वेळी दीड लाखाची मर्यादा होती आणि मुख्यतः पिवळं-केशरी कार्ड चालायचं, आता पाच लाख आणि सगळी कार्डं चालतात. तरी हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारा, शेवटी नको.

अजून दोन-तीन गोष्टी आठवतील तशा. शेक म्हणजे रेडिएशन लागणार असेल तर आधी दात तपासून घेतात, खराब दात आधीच काढतात, ते कुणी विसरलं तर तुम्ही आठवण करा. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलकडून दाखला मागून घ्या, आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. तोंड किती उघडतं ते बघायला तीन बोटं उभी धरून आत जातात का बघा, नाही गेली तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

आणि तुमचं स्वतःचं. विषय वेगळा आहे पण सांगतो. त्या कात्रणात बायकांचा आकडा चुलत्यांनी वाचलाच नव्हता, तो ४९.४ आहे, म्हणजे आपल्याकडं पुरुषांपेक्षा बायकांचा जास्त. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर त्यात मोठा. याच आपल्या उस्मानाबादच्या खेड्यापाड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला, मुंबईचे टाटा हॉस्पिटलवाले आणि बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटलवाले होते त्यात. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले आणि २००९ ला ते जगभर छापून आलं. आमच्या आईला त्या वेळी गावातल्या शाळेत बोलावलेलं, ती गेली नाही, खुरपण होतं म्हणे. तुम्ही तिशीच्या पुढं असाल तर आशाताईंना विचारून तपासणी करून घ्या. पण कुणी नुसतं "पुढं कॅन्सर होईल" म्हणून भीती घालून गर्भाची पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, आपल्या बीडमधे ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या ते २०१९ ला सगळ्यांनी वाचलंय.

दादा बरे आहेत. बोलणं थोडं अडकतं, भाकरी दुधात कुस्करून खातात, मावा सुटला पण आता दिवसभर बडीशेप लागते. नाव गावच्या कार्डात परत चढायला सात महिने लागले.

सासऱ्यांशी वाद घालत बसू नका, त्यांना म्हणावं कॅन्सर नाही हेच कागदावर आणायला चाललोय, याला ते नाही म्हणणार नाहीत. बायोप्सीला जाताना रेशनकार्डाची मूळ प्रत बरोबर ठेवा. आणि दोन्ही कागदांवरची नावं जुळतात का याची शंका असेल तर नंबर झाकून, फक्त नावाच्या ओळींचा फोटो इथं टाका, मी रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.